पलटी झालेली जीप उभी करताना

पलटी झालेली गाडी पाहिली की बघ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "आता ही उचलायची कशी?" उचलायची नसतेच! डोंगरातल्या चिखलवाटेवर आडवी पडलेली जीप सोळाशे-अठराशे किलोंची असते. क्रेन तिथवर पोचत नाही. तरीही एक विंच, एक कप्पी आणि दोन दोर एवढ्यावर चार माणसं तिला पुन्हा चाकांवर आणतात. हे जमतं कसं?

त्यासाठी ती पडली कशी, हे आधी पाहू. गाडी किती कलली की उलटणार, हे ढोबळमानाने दोन आकडे ठरवतात: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. गुरुत्वमध्यातून मनातल्या मनात एक ओळंबा सोडा. तो खालच्या बाजूच्या चाकाच्या आत पडतो आहे तोवर गाडी सुरक्षित, बाहेर गेला की संपलं. समजा, निम्मी रुंदी 75 सेंटिमीटर आणि उंची 70. गणित सांगतं, ही गाडी साधारण 47 अंशांवर तोल सोडेल. आता हौसेनं मोठे टायर घातले, सस्पेन्शन उचललं आणि गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर वर गेला, तर तोच आकडा 43 वर येतो. प्रत्यक्षात खालच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, वरचं चाक दगडावर चढतं, आणि गाडी याच्याही आधी जाते.

आता गंमत पाहा. आडवी पडलेली तीच 47 अंशवाली गाडी उभी करायला तिला किती फिरवावं लागेल? अगदी 90 अंश? नाही, फक्त 43! तेवढी फिरली की गुरुत्वमध्य चाकांच्या कडेपलीकडे जातो आणि पुढचं काम पृथ्वी करते. 47 आणि 43 मिळून 90, आणि हे दोन कोन नेहमीच मिळून 90 होतात. म्हणजे जी गाडी सहज पडते ती उठायला तेवढीच कुरकुरते. पडण्याचं आणि उठण्याचं गणित एकच असावं, हे मला फार सुंदर वाटतं.

जोर किती लागतो? वरच्या बाजूला, म्हणजे जमिनीपासून दीडेक मीटरवर, चासीला दोर बांधून आडवा ओढला, तर सुरुवातीला गाडीच्या निम्म्या वजनाहूनही थोडा कमी. त्यानंतर ती जसजशी उठते तसतसा जोर कमी होत जातो आणि तोलाच्या क्षणी थेट शून्यावर येतो. पण धोकाही नेमका त्याच क्षणी असतो. पुढच्या क्षणाला गाडी आपणहून कोसळते, आणि उतार असेल तर चाकांवर आपटून दुसऱ्या बाजूला पुन्हा पलटी खाते. म्हणून जाणती माणसं उलट बाजूनं दुसरा दोर बांधतात. पहिला ओढतो, दुसरा हळूहळू सैल सोडतो. विंचचा दोर पडलेल्या जीपला अडकवलेल्या कप्पीतून फिरवून त्याचं टोक एखाद्या झाडाला बांधलं तर ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. या कामाला वेग कमीच हवा. झाडाला रुंद पट्टा बांधायचा, नाहीतर दोर साल कापत जातो. दोरावर जड घोंगडं टाकायचं, आणि दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. ताणलेला पोलादी दोर तुटला तर माणूस मारू शकतो.

गाडी उभी राहिली, टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी उत्साहानं म्हणतं, "सेल्फ मार!" थांबा! कशाला थांबायचं, गाडी तर धडधाकट दिसते आहे ना?

उलटी किंवा आडवी पडलेली असताना इंजिनच्या तळातलं ऑइल जागेवर थोडंच राहतं! ते पिस्टनच्या रिंगांमधून, व्हॉल्व्हच्या बाजूनं झिरपत सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे 625 मिलिलिटर हवा येते आणि पिस्टन वर आला की ती जेमतेम 40 मिलिलिटरच्या जागेत कोंबली जाते. हवा दबते. ऑइल जवळजवळ दबतच नाही. म्हणजे अडीच-तीन मोठे चमचे ऑइल साचलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. अशात सेल्फ मारला तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. अपघातातून वाचलेलं इंजिन अपघातानंतरच्या घाईत मरतं.

म्हणून मेकॅनिक आधी चारही हीटर प्लग काढतो, क्रँकशाफ्टच्या पुलीवर पाना लावतो आणि इंजिन हातानं फिरवतो. एखाद्या भोकातून चुळूक करून काळं ऑइल उडतं, बॉनेटच्या आतल्या बाजूला शिंतोडे बसतात, आणि बघणाऱ्याला कळतं की काय टळलं! हवेच्या पाइपात साचलेलं ऑइलही पुसायचं, फिल्टर बदलायचा. नाहीतर डिझेल इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून पिऊ लागतं. मग किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, उलट वेग वाढवत राहतं. हवेचा रस्ता बुजवणं एवढाच उपाय तेव्हा उरतो.

गाडी गॅरेजात आली. विलीजची जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली त्या 1940च्या दशकापासून आपल्याकडच्या जीपांची रचना मुळात तीच आहे: खाली शिडीच्या आकाराची चासी आणि तिच्यावर रबराच्या गुटक्यांवर बोल्टनं बसवलेली बॉडी. बोल्ट काढले की बॉडी सबंध वर उचलता येते. वरचा चेंबलेला पत्रा कितीही भयंकर दिसो, गाडीचं भवितव्य ठरतं ते खालच्या शिडीवर. ती वाकली आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. मग चासीच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडतात, फरशीवर खडूनं खुणा करतात आणि तिरप्या अंतरांची, म्हणजे कर्णांची, टेपनं जुळणी करतात. दोन्ही कर्ण सारखे आले तर शिडी काटकोनात आहे. फरक आला तर एक बाजू पुढे सरकली आहे. शाळेतली भूमिती, पण तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

वाकलेलं पोलाद परत सरळ होतं, पण पूर्वीचं होत नाही. का? पोलाद म्हणजे अणूंच्या शिस्तशीर रांगा. त्या रांगांमधले सगळे बंध एकदम तोडायचे तर कल्पनेपलीकडचा जोर लागेल. प्रत्यक्षात पोलाद त्याहून कित्येक पटींनी कमी जोरात वाकतं. हे कोडं 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे उलगडलं. रांगांमध्ये मुळातच चुका असतात. जड सतरंजी सबंध ओढण्याऐवजी तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तशा या चुका सरकत जातात. वाकवताना त्यांची संख्या वाढते, त्या एकमेकींत अडकतात, आणि त्या जागी पोलाद जास्त कडक आणि जास्त ठिसूळ होतं. उलट वाकवलं की गुंता आणखी वाढतो. शिवाय पोलाद थोडं मागे फिरतंच, म्हणून चासी ओढणारा डेंटर तिला सरळ रेषेच्या जराशी पलीकडे नेऊन सोडतो. किती पलीकडे? ते त्याच्या हातांना माहीत असतं. लाल तापवून ओढायचा मोह मात्र टाळावा. नव्या गाड्यांच्या जास्त ताकदीच्या पोलादाची ताकद त्या उष्णतेनं जाते.

मग चिरा शोधायच्या, केसाहून बारीक. त्यासाठीची जुनी युक्ती मला अत्यंत प्रिय आहे. संशयित जागा घासून साफ करायची, रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. पोलाद चकचकीत, निर्दोष दिसत असतं. हळूहळू पांढऱ्या खडूवर एक ओलसर करडी रेघ उमटते! चिरेत शिरलेलं रॉकेल खडूनं शोषून बाहेर काढलेलं असतं. आगगाडीचे धुरे तपासायला एकोणिसाव्या शतकात याच तत्त्वावर तेल आणि पांढरी पूड वापरत.

उरतो रोल केज, माणसांभोवतीचा नळ्यांचा पिंजरा. त्याच्याशी तडजोड नाही. नळी वाकण्यातच धक्क्याची ऊर्जा खर्च होते, म्हणजे वाकलेल्या नळीनं आपलं काम केलेलं असतं आणि तेवढंच काम ती पुन्हा करेल याची खात्री नसते. जानेवारी 2025 मध्ये सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत आदल्या वर्षीचा विजेता कार्लोस साइन्झ आणि नऊ वेळचा जागतिक रॅली विजेता सेबास्तियाँ लोब या दोघांच्याही गाड्या पलटी झाल्या. दोघांनीही तो टप्पा चालवत पुरा केला. तरी तपासनिसांना केजला इजा सापडली आणि दोघांनाही शर्यत सोडावी लागली. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो.

बॉडी परत बसते, रंग लागतो, आणि मोकळ्या मैदानात पहिली फेरी होते. पुढच्या चाकांचा वळण्याचा आस जाणूनबुजून काही अंश मागे कललेला असतो. त्यामुळे वळणानंतर हात सैल सोडले की स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. आलं, तर पुढची फेरी रस्त्यावर. गाडी एका बाजूला ओढू लागली, तर परत गॅरेजात, ओळंबे सोडायचे आणि कर्ण पहिल्यापासून मोजायचे.