खोक्यावरचे ५२५

साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते. आकडा खोटा नाही, हीच त्यातली गोम. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, नेत्रिका ४ मिलिमीटरची, म्हणजे १७५ पट. मध्ये तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५. पण दिसेल किती, हे ठरवतो भिंगाचा व्यास. भिंगातून येताना प्रकाश थोडा पसरतोच, त्यामुळे ताऱ्याची इवलीशी चकती होते, आणि ६० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण दोन विकलांपेक्षा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) जवळचे तारे वेगळे होत नाहीत. डोळ्याला चार कलांचे अंतर सहज दिसते. दोन विकलांच्या चार कला करायला १२० पट पुरेत. त्यापुढे तपशील वाढत नाही, वाढतो तो धूसरपणा. शिवाय १२० वरून ५२५ वर गेलात की शनी जवळजवळ १९ पट मंद होतो. तकलादू तिपाईची थरथर वेगळीच!

जोडतारे पाहणारे मुरलेले निरीक्षक १८० पटींपर्यंत जातात, हे खरे. तेजस्वी ताऱ्यांना ते सोसते आणि डोळ्याला आराम पडतो. नवे काही दिसते असे नाही. उलट ख्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधला, तो जेमतेम ५७ मिलिमीटरच्या भिंगातून, सुमारे ५० पटींवर.

भिलाईतल्या सुपेल्यात तर १२० सुद्धा रोज मिळायचे नाहीत. इथे दोष बाजारातल्या दिव्यांना आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उजेडाला दिला जाईल. त्यात निहारिका बुडतात, कबूल. पण चंद्र, गुरू, शनी यांना उजेडाचे फारसे वावडे नाही. त्यांना छळते ती हवा. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो आणि गच्चीवर ती लहर थेट भिंगासमोरून जाते. गच्चीपेक्षा मोकळे मैदान बरे.

आपल्या दुर्बिणीची मर्यादा अभिजितशेजारच्या एप्सिलॉन लायरीवर तपासता येते. २० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, म्हणजे ३५ पटींवर, तिथे दोन तारे दिसतात. प्रत्येक तारा पुन्हा जोडतारा आहे; अंतर दोन विकलांहून किंचित जास्त. ६ मिलिमीटरच्या नेत्रिकेने, ११७ पटींवर, चार सुटे दिसले तर भिंग चांगले आणि हवा स्थिर. नाही दिसले, तर जास्त पटींची नेत्रिका घ्यायला धावू नका. स्लॅब निवला की पुन्हा पाहा.