टक्का नाकारणारा ध्वनिमुद्रक

'निर्वाणा' या रॉक बँडची लोकप्रियता शिगेला पोहोचली होती, तेव्हाची गोष्ट. पुढचा अल्बम ध्वनिमुद्रित करण्यासाठी त्यांनी शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीला विचारले. त्याने उत्तरादाखल चार पानी पत्र लिहिले. काम थोड्या दिवसांत उरकावे, रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी लुडबुड करू नये आणि विक्रीतला टक्का मला नको. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, असा त्याचा मथितार्थ होता. तीस लाख प्रती खपल्या तर त्याच्या वाट्याला चार लाख डॉलर आले असते, हा हिशेबही त्यानेच मांडला होता. 'इन युटेरो' (१९९३) त्याने ठरावीक एक लाख डॉलरवर केला. गाणी बँडची, तेव्हा त्यांच्यावरची जन्मभराची कमाईही बँडचीच, हे तत्त्व त्याने अखेरपर्यंत पाळले. 'प्रोड्यूसर' म्हणवून घेणेही त्याला नको असे.

अल्बिनीचा जन्म १९६२चा, किशोरवय मोन्टाना राज्यातल्या मिझूला गावात गेले. इव्हान्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकत असताना त्याने 'बिग ब्लॅक' हा बँड सुरू केला. ड्रमर नव्हता, म्हणून रोलँड कंपनीचे ड्रम मशीन वापरले आणि श्रेयनामावलीत 'रोलँड' असे त्याचे नावही छापले! धातूच्या पट्टीने छेडलेली गिटार, कानठळ्या बसवणारी लय आणि गावखेड्यांतल्या हिंसेच्या कथा. 'अ‍ॅटमायझर' (१९८६) आजही अंगावर येतो. नंतरच्या बँडला त्याने 'रेपमॅन' हे नाव दिले. हे नाव आणि तेव्हाची त्याची कित्येक विधाने अक्षम्य होती. २०२१मध्ये त्याने आपला दोष जाहीरपणे मान्य केला, सबबी न सांगता. मला त्याचे हे वागणे त्याच्या संगीताइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्याची खरी करामत ड्रम्सच्या ध्वनिमुद्रणात दिसते. वाद्याजवळच्या माइकबरोबर तो खोलीत दूरवरही माइक मांडे. त्यामुळे ढोलावरचा आघात आणि भिंतींवरून परतणारा नाद दोन्ही टेपवर उतरत. 'पिक्सीज' या बँडच्या 'सर्फर रोझा'साठी (१९८८) त्याने त्यांच्यातल्या किम डीलचा आवाज चक्क स्टुडिओच्या बाथरूममध्ये मुद्रित केला; यंत्राने केलेल्या प्रतिध्वनीपेक्षा फरशीचा खराखुरा प्रतिध्वनी त्याला हवा होता. पी. जे. हार्वीच्या 'रिड ऑफ मी'मध्ये (१९९३) कुजबुज आणि किंकाळी यांतले अंतर त्याने जराही कमी केलेले नाही. श्रोत्याने आवाजाची कळ कमी-जास्त करत बसावे, पण गायिकेचा श्वास दडपू नये!

'इन युटेरो'चा खरखरीतपणा कंपनीला रुचला नाही. दोन गाणी स्कॉट लिट या प्रोड्यूसरकडून पुन्हा मिक्स करून घेतली गेली. तरीही अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याच वर्षी 'द बॅफलर' या नियतकालिकात आलेला त्याचा लेख प्रत्येक नवोदित कलाकाराने वाचावा. अडीच लाख डॉलर आगाऊ मिळालेल्या एका काल्पनिक बँडचा जमाखर्च त्यात ओळीने मांडला आहे. स्टुडिओ, व्हिडिओ, मॅनेजर, वकील, दौरा सगळे भागवल्यावर कंपनीला सात लाखांवर डॉलर आणि प्रत्येक वादकाच्या हाती जेमतेम चार हजार! त्यात कुठेही आक्रोश नाही, आकडेच बोलतात.

१९९७मध्ये त्याने शिकागोत 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' हा स्टुडिओ उभारला. नावाजलेल्यांसाठी आणि गावोगावच्या अनोळखी पोरांसाठी तो तिथे सारख्याच निष्ठेने काम करी, अंगात कामगाराचा डगला घालून. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांचा 'वॉकिंग इन्टू क्लार्क्सडेल' (१९९८) याच अल्बिनीने मुद्रित केला. संगणकाच्या युगातही त्याने टेप सोडली नाही, कारण पन्नास वर्षांनी ती वाजवता येईल याची त्याला खात्री होती.

७ मे २०२४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला; वय ६१. बॉब वेस्टन आणि टॉड ट्रेनर यांच्याबरोबरच्या त्याच्या 'शेलॅक' या बँडचा शेवटचा अल्बम 'टू ऑल ट्रेन्स' दहा दिवसांनी प्रसिद्ध झाला. नव्याने ऐकणाऱ्यांनी 'सर्फर रोझा'पासून सुरुवात करावी, मग 'रिड ऑफ मी'. 'बिग ब्लॅक'कडे मात्र शेवटी वळावे, आणि तेही हेडफोन न लावता.