मीनाकारी

धातूच्या पृष्ठभागावर रंगीत काचेची पूड वितळवून एकजीव करण्याची अलंकरणकला. ‘मीना’ हा फार्सी शब्द असून मीना म्हणजे वस्तुतः काचच होय. सिलिका, सोडा, पोटॅश व पूर्वापार शिसे हे तिचे घटक. कोबाल्टाच्या ऑक्साइडाने निळा व तांब्याच्या ऑक्साइडाने हिरवा रंग येतो. माणकासारखा लाल रंग मात्र सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. कथिलाच्या ऑक्साइडाने काच पांढरी व अपारदर्शक होते.

बायझंटिन कारागीर सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या बसवून कप्पे करीत व त्यांत मीना भरीत; व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधील ‘पाला द’ओरो’ हे त्याचे विख्यात उदाहरण. फ्रान्समधील लिमोझ येथे बाराव्या शतकात तांब्यात खळगे खोदून मीना भरीत. जयपूरची रीतही खोदकामाचीच आहे. आमेरचा राजा मानसिंह याने लाहोरहून मीनाकार आणले, असे परंपरा सांगते.

जयपूरला नक्षी आखणारा, ती खोदणारा व मीना भरणारा हे कारागीर बहुधा निरनिराळे असतात. खळग्याच्या तळावर बारीक रेघा मारतात. त्यांमुळे मीना घट्ट धरला जातो आणि पारदर्शक रंगाखालून सोने चमकते. काच खलात कुटून, पाण्याने धुऊन, ओलीच टोचणीने भरतात व वाळल्यावर भट्टीत भाजतात (सर्वसाधारणतः ७५०° ते ८५०° से.). सर्व रंग एका वेळी भाजता येत नाहीत. अधिक उष्णता सोसणारा पांढरा प्रथम व सर्वांत नाजूक लाल अखेरीस, असा क्रम असतो. साहजिकच शेवटच्या भाजणीतील चूक आधीचे सारे श्रम वाया घालविते. शेवटी कुरुविंदाने घासून चकाकी देतात.

धातू व काच यांचे प्रसरण जुळले नाही, तर थंड होताना मीना तडकतो. त्यासाठी तांब्याच्या पातळ पत्र्यास मागूनही मीन्याचा थर देतात. कुंदनाच्या दागिन्यांतही मीना मागील बाजूसच असतो. मात्र तेथे हेतू वेगळा. अंगाशी घासून मऊ सोने झिजू नये, म्हणून हे आच्छादन. इतके सुंदर काम अंगाकडे वळवून ठेवावे, हे नवख्यास नवलाचे वाटते.

शिसेयुक्त पूड श्वासावाटे शरीरात गेल्यास विषारी ठरते. शिसेविरहित मीना आता उपलब्ध आहे. बाजारात मात्र न भाजलेले कृत्रिम रेझीनही ‘मीना’ म्हणून विकले जाते. ते सुईने ओरखडते. खऱ्या मीन्यावर सुई सहसा घसरते.