मक्याचा दाणा आणि गिरणी

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावी मक्याचे दळण चक्कीवर नेले, की दाणा सबंध दळला जातो. साल, गर, अंकुर, सारे एकाच पिठात येते. अंकुरात तेल असल्यामुळे असे पीठ फार दिवस टिकत नाही, खवट होते. मोठ्या कारखान्यांत मात्र दाण्याचे हे भाग निरनिराळे काढतात.

मक्याच्या दाण्यात तेल शेकडा चार-पाच भागच असते आणि त्यातील बहुतेक चिमुकल्या अंकुरात साठलेले असते. त्याबरोबर स्टेरॉल नावाचे मेणासारखे पदार्थही असतात. आपल्या आतड्यात ते कोलेस्टेरॉलला अडवतात, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते.

पण स्टेरॉलांचा मोठा साठा आणखी एका ठिकाणी असतो. सालीच्या आत, गराला लागून, जेमतेम एका पेशीएवढ्या जाडीचा थर असतो, तेथे! हा थर कोणाच्या वाट्याला येतो, हे गिरणी ठरवते. कोरड्या पद्धतीत दाणे किंचित ओलसर करून यंत्रात घासतात. तेव्हा थराचा काही भाग गरालाच चिकटून राहतो. ओल्या पद्धतीत दाणे गंधकाचा वायू मिसळलेल्या ऊन पाण्यात दीड दिवसाच्या आसपास भिजवतात. मग भरडल्यावर तेलाने हलका झालेला अंकुर वर तरंगतो आणि तो नाजूक थर सालीबरोबर निघून येतो. म्हणून या सालीच्या तेलात अंकुराच्या तेलापेक्षा कितीतरी अधिक स्टेरॉल सापडतात. गंमत अशी, की ही साल बहुधा गुरांच्या आंबोणात जाते.

कोंड्यासह काय काय निघून जाते, हा प्रश्न वर्ध्याला जुनाच आहे. १९३४ साली येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. गिरणीतील पांढऱ्याशुभ्र तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ खावा, असा संघाचा आग्रह होता. त्या काळी बोलणे होई ते जीवनसत्त्वांचे, स्टेरॉलांचे नव्हे. आज आपल्याला ठाऊक आहे, की तांदळाच्या कोंड्यात ओरायझनॉल असते आणि ते मक्याच्या त्या थरातील स्टेरॉलांचे जवळचे भाऊबंद आहे. तांदूळ फार सडला, की कोंड्याबरोबर तेही निघून जाते.