लाईन, बॅटरी आणि तुरीची फांटी

रात्री बाराला लाईन येणार म्हणून साखरा गावातला शेतकरी नवालाच आडवा होतो. डोळा लागतो अकराच्या पुढं. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी बदलत राहिली की झोप कुठल्याच वेळी धड लागत नाही. वैद्यकात याची गणना निद्राविकारांतच होते. शिवारात त्याला ‘पाण्याचे दिवस’ म्हणतात.

हरभऱ्यावर स्प्रिंकलर चालू केला की बांधावर घोंगडी पांघरून डुलकी. दोन-तीन तासांनी दचकून उठायचं, पाइप सोडायचे, खांद्यावर टाकून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली काही मिनिटं मेंदू पुरता जागा नसतो. त्यात बॅटरीचा झोत कायम पायाशी, जनावराच्या भीतीनं. शेजारची तूर डोक्याएवढी. फांटी नेमकी डोळ्याच्या उंचीला.

“सापाकडं पाहावं का फांटीकडं?” एकानं मला विचारलं. गॉगल घालावा, तर थंडीत तो धुरकटतो. दिवसा वीज हाच खरा चष्मा, आणि तो देणं शेतकऱ्याच्या हातात नाही.

फांटी लागली की डोळा चोळायचा, पाण्यानं धुवायचा, पाइप उचलायचा. पहाटे घरी येऊन झोप. उठेपर्यंत दुपार, संध्याकाळी पुन्हा लाईनची तयारी. दवाखान्याआधीचे तास जातात ते असे, आणि मोलाचे तेच. नेपाळमधल्या भक्तपूरला बुबुळावर ओरखडा उठलेल्या गावकऱ्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम तीन दिवस दिलं होतं. २००१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाच्याही डोळ्यात अल्सर झाला नाही.

दवाखान्यात डॉक्टर खालची पापणी ओढून नारंगी पट्टी हलकेच टेकवतात. निळा उजेड पाडला की ओरखडा हिरवा चमकतो. तेवढंच असेल तर एक-दोन दिवसांत भरून येतं. पांढरा डाग दिसला, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न: “मेडिकलमधून कुठला थेंब आणला?” कारण काडीबरोबर बुरशी आत गेलेली असू शकते, आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी ती फोफावते.

बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला तासा-दोन तासांनी, गरज पडल्यास रात्रीही. हे ऐकून बायको नवऱ्याकडं नाही, डॉक्टरांकडं बघते: “मग पाण्याला मी जाऊ का थेंब टाकू?”