जुन्या मोटारीचे पाणी जाते कोठे?

‘गाडी पाणी पिऊ लागली’ असे आपल्या भागात सर्रास म्हणतात. शब्दप्रयोग गोड आहे, पण दिशाभूल करणारा आहे. मोटार पाणी पीत नाही. रेडिएटरात ओतलेले पाणी, कमी झाले तर, तीनच वाटांनी जाऊ शकते. एक तर ते बाहेर जमिनीवर गळते. नाही तर इंजिनाच्या पोटात, तेलात किंवा सिलिंडरात उतरते. आणि तिसरी वाट म्हणजे रेडिएटरच्या गळ्याशी असलेल्या बारीक नळीतून ते बाहेर फेकले जाते. यांपैकी कोणती वाट आहे हे ठरविण्यापूर्वीच पाना हाती घेणारा मनुष्य पुष्कळदा नवा रेडिएटर विकत घेतो, आणि पाणी मात्र पूर्ववत कमी होत राहते.

आपल्याकडे अजूनही कित्येक घरांच्या अंगणात जुनी ॲम्बॅसडर, एखादी फियाट किंवा जीप उभी दिसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, केव्हाच निघेनाशी झाली. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडरही 2014 मध्ये बंद पडली. पण चांगली राखलेली गाडी कारखाना मिटल्यावरही धावते. जांब सावळीच्या मारुतीला जाण्यासाठी, लग्नकार्यासाठी आणि प्रसंगी रुग्णाला नागपूरला नेण्यासाठीही ती उपयोगी पडते. या शेवटच्या प्रसंगाकरिताच हा विषय सर्वांनी, केवळ वाहन हाकणाऱ्यांनीच नव्हे तर घरातील मंडळींनीही, समजून घ्यावा असा आहे.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या दोन्ही गावांची एक गंमत अशी की, दक्षिणेस सावनेरकडे उतरणारा रस्ता सोपा आणि उत्तरेस सातपुड्यावर चढणारा अवघड. सावनेरच्या वाटेवर जी गाडी थेंबही गाळत नाही, ती रामाकोना सोडून सिल्लेवानीचा घाट चढू लागली की वाफ सोडते. पांढुर्ण्याहून मुलताईकडे निघालेल्या गाडीचेही तसेच. तापीच्या उगमाशी पोचेपर्यंत रेडिएटर कोरडा! कारण उघड आहे. चढणीवर इंजिन जोरात फिरते, गाडी मात्र हळू चालते. उष्णता अधिक आणि समोरून येणारा वारा कमी. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि एरव्ही मिटून राहणारी बारीक भेग उघडते. त्यातच उंचीवर पाणी लवकर उकळते. दर तीनशे मीटर उंचीला उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या आसपास असल्याने तेथे उघड्या भांड्यातले पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आतबाहेर उकळते.

याकरिताच रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसविलेली असते. ती आतले पाणी दाबून धरते. झाकणावर छापलेला आकडा हा त्या दाबाचा. जुन्या गाड्यांवर तो बहुधा चार किंवा सात पौंड असतो. सात पौंडांच्या दाबाखाली पाणी शंभरावर नव्हे तर सुमारे एकशे दहा अंशांवर उकळते. म्हणून गरम इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे प्रत्यक्ष संकटाला बोलावणे होय. दाब सुटताच त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि वाफेसह उकळते पाणी हातातोंडावर येते. इंजिन बंद करून अर्धापाऊण तास थांबावे, वरची रबरी नळी दाबून पाहावी आणि ती हाताला मऊ व सोसेल इतपत कोमट लागली तरच जाड फडके घालून झाकणाला हात लावावा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तापमानाचा काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्या काट्याचे टोक पाण्यात बुडालेले असते. पाणीच त्याच्याखाली गेले तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येतो. चढणीवर वर गेलेला काटा अकस्मात उतरला तर आनंद मानण्याऐवजी गाडी थांबवावी, हे उत्तम.

आता तिसरी वाट आधी निकालात काढू, कारण ती मुळी गळतीच नव्हे. जुन्या गाड्यांत हल्लीसारखी जादा पाण्याची बाटली नसे. पाणी तीस अंशांवरून नव्वदवर गेले की शेकडा तीन भाग फुगते. इंजिनात आठ लिटर पाणी मावत असेल तर पाव लिटर पाण्याला जागा हवी. मालक रोज सकाळी काठोकाठ भरतो, इंजिन रोज ते पाव लिटर नळीतून बाहेर टाकते आणि मालक रोज काळजी करतो! अशा वेळी काठाखाली दीड-दोन बोटे जागा सोडून पाणी भरावे आणि आठवडाभर पातळी न बदलता पाहावे. ती एका जागी स्थिरावली तर बिघाड नाही. झाकणाचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग सैल झाली तरी पाणी याच वाटेने जाते. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू. तपासणीचा प्रारंभ तेथूनच करावा.

पातळी खरोखर खाली जात असेल तर बाहेरची गळती शोधावी. त्याची वेळ पहाटेची. तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, मध्येच त्याची वाफ होते; उलट गार झाल्यावर रबर व धातू आकसतात आणि सांध्यातून पाणी झिरपते. आदल्या संध्याकाळी इंजिन पुसून कोरडे करावे, खाली संत्र्याच्या पेटीचा कोरा पुठ्ठा पसरावा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणावून ठेवाव्यात. सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. मात्र डागाच्या बरोबर वर छिद्र असेल असे समजू नये. पाणी उतारावरून घरंगळते आणि पंख्याचा वारा त्याला मागे उडवतो. ओल जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे दिसेल तेथेच उगम. पाणी वाळून गेले तरी खूण राहते. जड पाण्याचा पांढरा क्षार, गंजाचा तांबूस ओघळ किंवा कूलंटचा हिरवट थर दिसतो. अशी वाळलेली रेघ पुष्कळदा ओल्या थेंबापेक्षा अधिक सांगून जाते.

रबरी नळ्यांच्या टोकांशी, क्लिपांच्या खाली, बोट फिरवावे. खालची नळी विशेष पाहावी, कारण पंप तिच्यातून पाणी ओढतो. ती सैल असेल तर इंजिन चालू असताना पाणी न गळता उलट हवा आत शिरते, आणि बंद केल्यावर गळते. पितळी रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या डाकाने जोडलेल्या असतात; ते सांधे खडबडीत रस्त्यावर तडकतात. खालचा पाणी सोडण्याचा नळ चोरपावलांनी गळतो. पाण्याचा पंप, ज्याला आपले मिस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, त्याच्या पोटाशी एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले म्हणजे तेथून थेंब येऊ लागतात. ते भोक बुजवणारे महाभाग आहेत. पण मग पाणी बेअरिंगात जाते आणि एके दिवशी पंखा सुटून रेडिएटरला भिडतो. इंजिन बंद असताना पंख्याचे पाते पुढेमागे हलवून पाहावे. खुळखुळले तर पंप गेला. शेवटी ब्लॉकच्या बगलेतील वाटीसारख्या गोल चकत्या, म्हणजे वेल्च प्लग. त्या आतून गंजतात आणि सायलेन्सरच्या नळकांड्याजवळ दडलेल्या असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. दाढीचा आरसा व बॅटरी येथे कामास येते. इंजिन चालू करून पाहणी करताना पदर, ओढणी, उपरण्याचे टोक पंख्यापासून दूर राहील याची दक्षता घ्यावी.

एवढे करूनही काही सापडले नाही तर दाब देणारा हातपंप असलेल्या गॅरेजात जावे. गार इंजिनाच्या गळ्यावर तो बसवून झाकणावरील आकड्याइतकाच दाब भरतात. घाट चढताना जे घडते ते उभ्या गाडीत घडवून आणण्याची ही युक्ती आहे. काटा उतरू लागला की बाहेर कोठून तरी पाझर दिसतो. सायकलच्या पंपाने हाच प्रयोग घरी करणारे असतात. त्यांना सांगणे एवढेच की, सायकलीच्या टायरातला दाब रेडिएटरच्या दाबाच्या कितीतरी पट असतो आणि जुना डाक तो सोसत नाही.

काटा उतरतो आणि बाहेर मात्र सर्व कोरडे, अशी स्थिती असली तर पाणी पोटात जात आहे. हेड व ब्लॉक यांमधील गास्केट फुटले किंवा हेडला चीर गेली, असा संशय घ्यावा. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेसाळ थर दिसतो. हिवाळ्यात रोज गावातल्या गावातच फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली असा थोडा फेस दवानेही धरतो; डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल तर घाबरू नये. सकाळी गार इंजिनाचे झाकण काढून, पंख्याचा पट्टा उतरवून, गाडी एखादे मिनिटच चालू करावी. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो आहे. चार प्लग काढून शेजारी ठेवले तर ज्या सिलिंडरात पाणी जाते त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. येथे फियाटच्या मालकाने अधिक जपावे. तिचे हेड ॲल्युमिनियमचे व ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून एकदा अति तापली की हेड वाकते. ॲम्बॅसडरचे हेडही बिडाचे असल्याने ते तितके वाकत नाही, पण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर तडकू शकते.

आत गळणारी गाडी मुळीच चालवू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना वंगण देत नाही. रात्रभर सिलिंडरात साचलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. अशा गाडीचे सर्व प्लग काढून, तोंड बाजूला ठेवून, हँडलने इंजिन फिरवावे. ज्या भोकातून पिचकारी उडेल तेथेच दुखणे.

हळदीविषयी सांगावयास हवे. गळक्या रेडिएटरात मूठभर हळद टाकण्याचा उपाय जुन्या चालकांना ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. हळदीचे कण पाण्याबरोबर छिद्राशी जातात, फुगतात व ते बुजवतात. रात्री घाटात अडकले असता त्यावर घर गाठता येते. परंतु त्या कणांना गळके छिद्र व रेडिएटरची बारीक नळी यांतील भेद कळत नाही. घरी आल्यावर रेडिएटर धुऊन मूळ दुरुस्ती केली नाही तर महिनाभरात न गळता तापणारी गाडी पदरी पडते.

दुरुस्तीनंतर बोअरचे जड पाणी भरू नये, त्याचा क्षार आत थरावर थर बसवतो. डिस्टिल्ड पाणी व गंजरोधक कूलंट यांचे डब्यावर लिहिल्या प्रमाणातील मिश्रण वापरावे. मात्र बहुतेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अतिशय विषारी आहे. मुलांच्या, तसेच कुत्र्यामांजरांच्या जिवाला त्याचे थोडे प्रमाणही पुरते. डबा कुलपात ठेवावा, सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये, आणि पुठ्ठ्यावर किंवा फरशीवर सांडलेले त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. भरल्यावर इंजिन थोडे चालवून अडकलेली हवा निघू द्यावी व दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, पातळी पुन्हा एकदा पाहावी.