झिजलेल्या रायफलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याला देवळांमुळे परिचयाचा आहे. पडकी भिंत उभी करणे, ओवऱ्या नीट करणे, कळस पुन्हा बसविणे या कामाला आपण पुण्यकर्म मानतो. पण याच नावाखाली कोरीव दगडावर तैलरंगाचे हात मारले जातात, शिलालेख चुन्याखाली बुजतात, आणि देऊळ नवे झाले म्हणून गावकरी समाधान पावतात. जुन्या वस्तूला नवेपण आणताना तिच्यातील काय राखावयाचे आणि काय बदलावयाचे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांचा आहे. आज आम्ही तो एका बंदुकीच्या उदाहरणाने मांडणार आहोत. बंदूक निवडण्याचे कारण असे की, येथे चूक झाली तर सौंदर्याची हानी होऊन भागत नाही. माणसाचा डोळा किंवा प्राणही जाऊ शकतो.

उदाहरण आहे ते ली-एनफील्ड रायफलीचे. आपल्याकडे हिला सारे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखतात. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. ली हे नाव जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या यंत्रज्ञाचे. एनफील्ड हे लंडनच्या उत्तरेस असलेल्या सरकारी शस्त्रकारखान्याचे. हिचे सर्वांत प्रसिद्ध रूप १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. लांबी साडेचव्वेचाळीस इंच, वजन सुमारे चार किलो आणि पेटीत दहा काडतुसे. इंग्लंडखेरीज ऑस्ट्रेलियात लिथगो येथे आणि आपल्या देशात कलकत्त्याजवळ इच्छापूरच्या कारखान्यात ही रायफल तयार होई. दोन्ही महायुद्धांत ती भारतीय शिपायांच्या खांद्यावर होती. १९६२ साली हिमालयात आपले जवान लढले तेही मुख्यतः हिच्याच बळावर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला तेव्हा तेथील काही पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेशाच्या पोलीस दलाने तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. शतकाहून अधिक काळ वापरात राहिलेली वस्तू झिजलेली सापडावी, यात नवल नाही.

आता अशी एखादी रायफल आपल्यासमोर मेजावर ठेवली आहे असे समजू. लाकूड काळवंडले आहे, कुंद्याला पोचे आहेत, लोखंडावर तांबूस गंज आहे, स्क्रूंच्या खाचा फाटल्या आहेत. पहिले काम कोणते? पेटी काढावयाची, बोल्ट मागे ओढावयाचा आणि नळीच्या मागच्या घरात काडतूस नाही ना हे डोळ्यांनी व बोटाने पाहावयाचे. शंभर वर्षांची बंदूक रिकामीच असणार, या समजुतीवर कोणीही विसंबू नये.

दुसरे काम हत्यारे उचलण्याचे नसून पाहण्याचे आहे. या रायफलीच्या अंगावर तिचा जन्मदाखला कोरलेला असतो. कुंदा जेथे लोखंडाला मिळतो त्या कड्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना अशी अक्षरे असतात. इच्छापूरच्या बंदुका या दृष्टीने फार बोलक्या आहेत. इंग्रजी अमदानीतील बंदुकांवर मुकुट व सम्राटाची मुद्रा आहे; प्रजासत्ताकानंतरच्या बंदुकांवर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत. राज्य बदलले ही गोष्ट दोन अंगुळे पोलादावर वाचता येते. ही अक्षरे फार खोल नसतात. पॉलिशच्या चाकावर बंदूक अंमळ अधिक वेळ धरली की ती पुसट होतात, आणि एकदा गेली की परत येत नाहीत.

बोल्ट, नळी आणि मुख्य सांगाडा यांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळतो की नाही हे पाहणे केवळ संग्राहकाचा हट्ट नव्हे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. बंद बोल्टचे तोंड आणि नळीचा मागचा काठ यांच्यामध्ये ही कड बसते. ही फट कमीत कमी .०६४ इंच असावी आणि वापरातल्या बंदुकीत .०७४ इंचाच्या पलीकडे जाऊ नये, असा दंडक होता. दोहोंतला फरक वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा! फट याहून वाढली तर बार उडताना काडतुसाचे पितळ मागे ताणले जाते, बुडाशी फाटते, आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या बंदुकीला जुळवून बसविलेला असे. दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट यात सहज जाईल, सुरेख चालेलही. पण फट किती आहे हे मापाच्या तबकडीने तपासल्यावाचून सांगता येत नाही. नवी झळाळी दिलेली रायफल या कारणाने अधिक फसवी ठरते. जुनाट रूप माणसाला सावध तरी करते.

यानंतर सुटे भाग करावयाचे. येथे या रायफलीची एक खोड ठाऊक हवी. हिचे लाकूड दोन तुकड्यांचे असते: मागे कुंदा आणि पुढे नळीखालचा दस्ता. कुंद्याच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो आणि त्याचे चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातील एका पट्टीत अडकलेले असते. हेतू हा की, बोल्ट आपोआप ढिला पडू नये. ज्याला हे माहीत नाही तो आधी कुंदा फिरवून काढू लागतो. चौकोनी टोक पट्टीत फिरते आणि शतकभर टिकलेला दस्ता कडाडून फुटतो. म्हणून आधी पुढचा दस्ता उतरवावा, मग कुंद्याला हात लावावा. स्क्रूड्रायव्हरचे पातेही खाचेत नेमके बसणारे हवे. नाहीतर फाटलेल्या खाचांत आणखी भर पडते.

लाकूड इंग्लंडमध्ये बहुधा अक्रोडाचे असे. त्यावर चकचकीत व्हार्निश नसे; जवसाचे तेल असे. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांतच त्याचा पडदा तयार होतो. क्रिकेटच्या बॅटीला आपण तेल पाजतो ते याच कारणाने. जुन्या दस्त्यावर तेल, मळ व घाम यांचा काळा थर साचलेला असतो. काचकागद घेऊन तो खरवडण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. काचकागदाने मळाबरोबर लाकूडही जाते, त्यावरचे शिक्के जातात, आणि धातूच्या कडा लाकडावर उघड्या पडतात. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा किंचित वर ठेवलेले असे. हे प्रमाण एकदा बिघडले की जाणत्या नजरेला ते दुरूनही कळते. थर विरघळविण्यासाठी टर्पेंटाइन आणि मऊ चिंधी बहुधा पुरते. लाकडात खोल मुरलेले तेल काढावयाचे तर खडूची भुकटी स्पिरिटात कालवून लेप द्यावा. वाळताना तो तेल शोषून घेतो. पोचा म्हणजे दबलेले तंतू. त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. खोच मात्र अशी भरत नाही, कारण तेथले लाकूडच गेलेले असते.

मग जवसाचे तेल तळहाताने चोळावे. पातळ हात द्यावा, उरलेले पुसून काढावे, आणि एक-दोन दिवस वाळल्यावर दुसरा हात. घाई केली तर चिकट थर बसतो. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, ही सूचना आम्ही मुद्दाम करतो. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

लोखंडाकडे वळू. तांबडा गंज आणि बंदुकीचा निळसर काळा रंग ही दोन्ही लोखंडाचीच संयुगे आहेत. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. काळे ऑक्साइड घट्ट चिकटून बसते, तेल धरते आणि पोलादाला राखते. जुने कारागीर एका युक्तीने तांबड्याचे काळे करीत. स्वच्छ पोलादाला सौम्य आम्लाचे द्रावण लावून ते मुद्दाम गंजू देत, मग तो भाग पाण्यात उकळत. उकळल्याने तांबडा गंज काळ्या ऑक्साइडात पालटतो. वरची सैल काजळी तारेच्या मऊ ब्रशाने काढावयाची आणि पुन्हा तेच. अशी अनेक आवर्तने झाली म्हणजे मखमली काळा रंग चढतो. ज्याला शत्रू मानावे त्या गंजाकडूनच राखणदारी करून घेण्याची ही विद्या आहे. तथापि जेथे मूळ रंग थोडाफार शिल्लक आहे तेथे तेल आणि हलक्या हाताने चोळलेली बारीक पोलादी लोकर एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे. तांबडा गंज निघतो व खालचा काळा राहतो.

नळीचा आतला भाग ही सर्वांत कठीण बाब. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १८८८ च्या मूळ रायफलीत मेटफर्ड यांनी आखलेले सात उथळ, गोलसर कडांचे आटे होते. काळ्या दारूची काजळी सहज पुसली जावी, हा त्यामागचा विचार. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. ती इतक्या उष्णतेने जळे की हे उथळ आटे लवकर झिजून जात. म्हणून १८९५ साली एनफील्ड कारखान्याने पाच खोल, चौकोनी आटे पाडले आणि ली-मेटफर्डची ली-एनफील्ड झाली.

दुसरा शत्रू काडतुसाच्या टोपीत होता. टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळाल्यावर मिठासारखाच एक क्षार नळीत उरतो. तो हवेतील ओल ओढून घेतो, आणि रात्रीतून पोलाद गंजू लागते. तेलात हा क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. यासाठी गोळीबारानंतर शिपाई नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत, मग दोरीला बांधलेली फ्लॅनेलची पट्टी आरपार ओढून नळी कोरडी करीत आणि शेवटी तेलाची पट्टी फिरवीत. ती दोरी आणि तेलाची लहानशी बाटली ठेवण्यासाठी कुंद्यातच झाकणाचा कप्पा केलेला आहे. ज्या शिपायाने हा नेम पाळला त्याच्या बंदुकीची नळी आजही आरशासारखी असते. ज्याने टाळला त्याच्या नळीत खड्डे पडलेले दिसतात. खड्डे आणि झिजलेले आटे यांवर कोणतेही पॉलिश नाही. नळी स्वच्छ करता येते, लहान करता येत नाही. तेथे एक तर आहे ते स्वीकारावे, नाहीतर नळीच बदलावी.

येथे कोणी विचारील की, भाग बदलले तर ती जुनी रायफल उरली कोठे? याचे उत्तर सैन्याच्याच रिवाजात सापडते. झिजलेल्या रायफली कारखान्यात परत बोलावून त्या संपूर्ण उकलीत, मापे घेत, नळी किंवा लाकूड बदलीत, नवा रंग देत आणि त्या दुरुस्तीची खूण व साल अंगावर ठोकून पुन्हा पाठवीत. इच्छापूरच्या कित्येक रायफलींच्या दस्त्यातून आडवा स्क्रू घातलेला दिसतो. लाकूड फुटू नये म्हणून दिलेला हा टाका आहे. अशी दुरुस्ती बंदुकीच्या चरित्राचा भाग ठरते, कारण ती स्वतःचे नाव आणि साल सांगते. आपल्या घरच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई लावतो तेव्हा आपण भांडे खोटे करीत नाही. कल्हई झिजावी आणि पुन्हा लागावी, अशीच ती योजना असते. लाकडाचे तेल आणि पोलादाचा काळा रंग यांची जात कल्हईची आहे. शिक्के, क्रमांक आणि साल यांची जात शिलालेखाची आहे. पहिले पुन्हा द्यावे. दुसऱ्याला हात लावू नये. पुसट झालेला शिक्का नव्याने कोरून विकणे याला तर जीर्णोद्धार न म्हणता बनावट म्हणावे लागेल.

काही रायफलींवर कवायतीपुरती असल्याची खूण असते. राष्ट्रीय छात्रसेनेत राहिलेल्या अनेकांनी अशा रायफली खांद्यावर घेतल्या असतील. नळी किंवा सांगाडा गोळीबारास अपात्र ठरला म्हणून ती खूण केलेली असते. ती घासून काढून बंदूक नवी दिसेल, पण ती खूण पुढच्या माणसासाठी लिहिलेला इशारा आहे.

शेवटी कायद्याविषयी. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा वगैरे देशांत हा छंद त्या त्या कायद्याच्या मर्यादेत चालतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक बाळगण्यास परवाना लागतो, आणि बंदुकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करण्यासही लागतो. पुराणवस्तू म्हणून जी सूट आहे ती दुरुस्ती करूनही जिच्यातून गोळी उडणार नाही अशा शस्त्रापुरती आहे. म्हणजे माळ्यावर सापडलेली आजोबांची बंदूक निकामी दिसते एवढ्याने ती सुटत नाही. ती दुरुस्त होऊ शकते की नाही, हा प्रश्न कायदा विचारतो. तेव्हा अशी वस्तू हाती आली तर कानस उचलण्याआधी पोलीस ठाणे गाठावे, आणि काम परवानाधारक कारागिरावर सोपवावे.

वस्तुसंग्रहालयात अशी एखादी रायफल काचेमागे दिसली, तर तिच्या चकाकीकडे क्षणभरच पाहावे. मग वाकून त्या कड्यावरची अक्षरे वाचावीत. ती स्पष्ट असतील, कुंद्यावर एखाद-दुसरा जुना पोचा राहिला असेल आणि गंज मात्र कोठे नसेल, तर ज्याने तिला हात लावला तो आपले काम जाणत होता, असे खुशाल समजावे.